घरचे वायफाय बंद पडण्याआधी करून ठेवायची तयारी

लॅपटॉपचे वायफाय दुरुस्त करण्याची माहिती आणि साधने बहुतेक सारी इंटरनेटवरच असतात आणि गरजेच्या वेळी नेमके तेच नसते, म्हणून पुढील तयारी जोडणी सुरळीत चालू असतानाच उरकून घ्यावी. येथे गृहीत धरलेली मांडणी महाराष्ट्रातील शहरी घरांत सर्रास दिसणारी आहे : इमारतीच्या डक्टमधून किंवा गच्चीवरून आलेली फायबरची बारीक वायर, तिच्या टोकाला कंपनीने बसवलेली, फायबरमधल्या प्रकाशाचे विद्युत संकेतांत रूपांतर करणारी ओएनटी नावाची पेटी, त्याच पेटीत किंवा तिच्याशेजारी वायफाय राउटर, आणि विंडोज १० किंवा ११ वर चालणारा लॅपटॉप.

सर्वप्रथम एका कागदावर ग्राहक क्रमांक, नोंदवलेला मोबाइल क्रमांक, कंपनीच्या तक्रार केंद्राचा क्रमांक, वायफायचे नाव व पासवर्ड आणि राउटरच्या सेटिंगमध्ये शिरण्याचा पत्ता व पासवर्ड लिहून ठेवावा. हा पत्ता बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो आणि पेटीच्या तळाशी चिकटवलेल्या लेबलवर छापलेला असतो. लेबल भिंतीकडे तोंड करून असल्यास त्याचा फोटो काढून ठेवावा, कारण ऐन वेळी पेटी उचकटून पाहण्यात फायबरची वायर ओढली जाते. काही कंपन्यांच्या जोडणीला पीपीपीओई नावाच्या पद्धतीचे वेगळे यूजरनेम व पासवर्ड लागतात. वायरमनने ते राउटरमध्ये भरलेले असतात आणि घरातल्या कोणालाच ठाऊक नसतात. ते मागून घ्यावेत. राउटरच्या मागच्या छिद्रातले रीसेट बटण टाचणीने दाबून धरले की ही सारी माहिती पुसली जाते आणि थोडा त्रास देणारी जोडणी पूर्णपणे बंद होते, म्हणून त्या बटणाला हात न लावणेच शहाणपणाचे आहे.

वस्तू मोजक्याच लागतात. दोन-तीन मीटरची लॅन केबल, आणि लॅपटॉप पातळ बांधणीचा असून त्याला लॅनचे भोक नसेल तर यूएसबीला लागणारा लॅन अडॅप्टर आणून ठेवावा. अडॅप्टर आणल्याच्या दिवशीच एकदा जोडून पाहावा, कारण काहींना स्वतःचा ड्रायव्हर, म्हणजे ती वस्तू विंडोजकडून चालवून घेणारे छोटे सॉफ्टवेअर, लागतो. तिसरी वस्तू म्हणजे मोबाइल आणि त्याची डेटा नेणारी यूएसबी केबल. चार्जिंगपुरत्या स्वस्त केबलीतून डेटा जात नाही. मोबाइलवर यूएसबी टेदरिंग, म्हणजे त्याचे इंटरनेट केबलमधून लॅपटॉपला देण्याची सोय, चालू केले की लॅपटॉपला त्याच्या वायफाय कार्डाला वगळून इंटरनेट मिळते, म्हणून कार्डच रुसले असेल तरी ड्रायव्हर उतरवता येतो. तरीही तो ड्रायव्हर आधीच उतरवून लॅपटॉपमध्ये ठेवणे उत्तम. लॅपटॉपच्या सुट्या भागांची यादी दाखवणाऱ्या विंडोजमधील डिव्हाइस मॅनेजरमध्ये नेटवर्क अडॅप्टरखाली इंटेल, रिअलटेक, मीडियाटेक किंवा क्वालकॉम असे जे नाव दिसेल ते टिपावे आणि लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या पानावरून आपल्या मॉडेल क्रमांकाचाच ड्रायव्हर घ्यावा. ‘सर्व ड्रायव्हर एका क्लिकमध्ये’ अशी जाहिरात करणाऱ्या सॉफ्टवेअरच्या वाटेला जाऊ नये.

यानंतरचे काम सर्वांत मोलाचे आहे आणि बहुतेक जण तेच टाळतात. ते म्हणजे सगळे ठीक चालू असतानाची नोंद करणे. पेटीवरील दिव्यांचा फोटो काढावा. सामान्यतः पॉन (PON) हा दिवा स्थिर हिरवा असतो आणि लॉस (LOS) हा दिवा विझलेला असतो. लॉस लाल लुकलुकू लागला तर फायबरमधून प्रकाश पेटीपर्यंत पोहोचत नाही असे समजावे, मग वायर दारात चेमटलेली असो, रंगाऱ्याने दुमडलेली असो किंवा उंदराने कुरतडलेली असो. अशा वेळी लॅपटॉपमध्ये काहीही बदलण्यात अर्थ नसतो. पॉनच लुकलुकत असेल तर पेटीची कंपनीच्या केंद्राशी नोंदणी होऊ शकलेली नाही. फायबरचे टोक काढून डोळ्यासमोर मुळीच धरू नये, त्यातला प्रकाश डोळ्यांना दिसत नसला तरी तो लेझरचाच असतो.

दिव्यांनंतर आकडे. स्टार्टमध्ये सीएमडी (cmd) शोधून कमांड प्रॉम्प्ट ही आज्ञा टंकण्याची खिडकी उघडावी आणि आयपीकॉन्फिग (ipconfig) ही आज्ञा इंग्रजी अक्षरांत द्यावी. ‘डीफॉल्ट गेटवे’पुढे दिसणारा आकडा हा राउटरचा पत्ता. त्याला पिंग करावे, म्हणजे ping लिहून पुढे तो पत्ता द्यावा आणि तिकडून उत्तर येते का ते पाहावे, नंतर गूगलच्या ८.८.८.८ या पत्त्याला पिंग करावे आणि शेवटी एखाद्या संकेतस्थळाच्या नावाला पिंग करावे. तिन्हींची उत्तरे किती मिलिसेकंदांत आली ते कागदावर लिहावे. ही आधीची नोंद आवश्यक आहे, कारण काही राउटर आणि संकेतस्थळे मुळातच पिंगला उत्तर देत नाहीत आणि ते ठाऊक नसेल तर चांगल्या चाललेल्या यंत्रावरही संशय येतो. जोडणी बंद पडली की याच तीन पायऱ्या त्याच क्रमाने कराव्यात. राउटरकडूनच उत्तर येत नसेल तर दोष लॅपटॉप आणि राउटर यांच्यामधला, म्हणजे खऱ्या अर्थाने वायफायचा आहे. राउटर बोलतो पण ८.८.८.८ बोलत नाही, तर दोष बहुधा कंपनीच्या बाजूचा असतो. आकडी पत्ता चालतो आणि नाव चालत नाही, तर नावांचे पत्ते शोधून देणारी डीएनएस सेवा अडली आहे आणि डीएनएस म्हणून ८.८.८.८ किंवा १.१.१.१ भरल्यास बहुधा काम होते. लॅपटॉपचा स्वतःचा पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर त्याला राउटरकडून पत्ताच मिळालेला नाही.

‘राउटर बंद करून चालू करा’ हा सल्ला वाईट नाही, पण तो पहिला नसावा, कारण त्याने बिघाडाचा पुरावाही पुसला जातो. आधी दिव्यांचा फोटो, मग तीन पिंग, मग घरातल्या मोबाइलवर त्याचा डेटा बंद करून वायफायने एखादे पान उघडते का ते पाहणे, आणि त्यानंतरच प्लग काढणे हा क्रम ठेवावा. मोबाइल चालतो आणि लॅपटॉप चालत नाही, तर तपास लॅपटॉपपुरता उरतो. तिथे एअरप्लेन मोड चुकून चालू झाला आहे का, ऑफिसच्या नेटवर्कशी सुरक्षितपणे जोडणारे व्हीपीएन मध्ये अडकले आहे का आणि तारीख-वेळ बरोबर आहे का हे पाहायला मिनिटही लागत नाही. तारीख चुकली की सुरक्षित संकेतस्थळे उघडत नाहीत आणि खापर वायफायवर फुटते. झोपेतून उठवलेला लॅपटॉपच वारंवार जोडणी हरवत असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये वायफाय कार्डाच्या पॉवर मॅनेजमेंटखालील वीज वाचवण्याची खूण काढून पाहावी. साठवलेले नेटवर्क ‘फरगेट’ करून पुन्हा जोडणे ही त्यापुढची पायरी आणि विंडोजमधले नेटवर्क रीसेट ही अगदी शेवटची, कारण ते केल्यास साठवलेले पासवर्ड आणि व्हीपीएनची मांडणी पुन्हा भरावी लागू शकते. एका वेळी एकच बदल करावा.

जोडणी तुटत नाही पण रखडते, हा प्रकार जास्त चिवट असतो. फायबर दाराच्या कोपऱ्यातून आत येते म्हणून पेटी चपलांच्या कपाटात किंवा टीव्हीच्या मागे बसवली जाते आणि लॅपटॉप मात्र दोन काँक्रीट भिंतींपलीकडच्या खोलीत असतो. लोखंडी कपाट, मोठा आरसा आणि पाण्याची टाकी यांनीही लहरी अडतात. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा लांब पोहोचतो, पण शेजारच्या साऱ्या घरांचे राउटर, ब्लूटूथ आणि चालू मायक्रोवेव्ह त्याच पट्ट्यात गर्दी करतात. ५ गिगाहर्ट्झ वेगवान असतो, मात्र भिंतीपुढे लवकर दमतो. राउटरमध्ये दोन्ही पट्ट्यांना वेगवेगळी नावे देऊन ठेवली तर तुलना सोपी होते. २.४ वर चॅनेल, म्हणजे पट्ट्यातला उपविभाग, निवडायचेच झाले तर १, ६ किंवा ११ यांपैकी एक घ्यावे, कारण एवढी तीनच एकमेकांवर चढत नाहीत. लॅपटॉपला लागून ठेवलेली यूएसबी ३ ची हार्ड डिस्क किंवा हबही याच पट्ट्यात गोंगाट करते, तेव्हा ती काढून एकदा तपासावे. सिग्नलची टक्केवारी कमांड प्रॉम्प्टमध्ये नेटश डब्ल्यूलॅन शो इंटरफेसेस (netsh wlan show interfaces) या आज्ञेने दिसते. कामाच्या टेबलावर ती ५० च्या खाली जात असेल तर सॉफ्टवेअरशी झगडण्यापेक्षा पेटीची जागा बदलून घ्यावी, आणि लांब फायबर टाकण्याचे पैसे कंपनीने मागितले तरी ते द्यावेत.

विजेचाही विचार हवा. राउटर आणि ओएनटी वेगळे असतील तर दोन्ही इन्व्हर्टरवर असावेत, नाहीतर एकाचे दिवे पाहून दुसरा बंद असल्याचे लक्षात येत नाही. पेटीचा विजेचा अडॅप्टर बदलायची वेळ आल्यास व्होल्टेज लेबलाशी जुळवूनच घ्यावे. केबल ऑपरेटरचा स्विच, म्हणजे इमारतीतल्या घरांना जोडणी वाटणारी पेटी, जिन्यात असेल आणि त्याला बॅकअप नसेल, तर घरात इन्व्हर्टर असूनही भारनियमनात नेट जाणारच.

कंपनीला फोन करताना लॅन केबलने राउटरला जोडलेल्या लॅपटॉपवर त्याच तीन पिंगचा काय निकाल आला ते आधी सांगावे, म्हणजे ‘तुमच्या लॅपटॉपचाच दोष असेल’ हे उत्तर ऐकावे लागत नाही. त्यासोबत लॉस आणि पॉन दिव्यांची स्थिती व बिघाडाची वेळ द्यावी, तक्रार क्रमांक घेतल्याशिवाय फोन ठेवू नये आणि तो त्याच कागदावर तारखेसह लिहावा. तक्रार रखडल्यास कंपनीच्या अपील प्राधिकाऱ्याकडे किंवा १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर जाताना हाच क्रमांक लागतो.