नोकरी सांभाळून ऑनलाइन मास्टर्स: डेटा ॲनालिटिक्स आणि निर्णयशास्त्र कसं शिकावं

ऐरोली-महाप्याच्या आयटी पार्कात काम करणाऱ्यांना असा फोन कधी ना कधी आलेला असतो: "सर, डेटा ॲनालिटिक्समध्ये मास्टर्स, घरबसल्या. आज सीट बुक करा, उद्यापासून फी वाढतेय." फोन ठेवून द्या. "उद्यापासून फी वाढतेय" हे ऐकून आपला हात खिशाकडे का जातो, हा विषय चांगल्या अभ्यासक्रमात शिकवतातच.

आधी पदवी तपासा

भारतीय विद्यापीठाची ऑनलाइन पदवी घेणार असाल तर यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाच्या, म्हणजे डीईबीच्या संकेतस्थळावरची यादी उघडा. नुसतं विद्यापीठाचं नाव दिसलं म्हणून खूश होऊ नका. तुमच्या सत्रासाठी तोच अभ्यासक्रम ऑनलाइन चालवायची मान्यता हवी. २०२० च्या नियमावलीप्रमाणे अशी मान्यताप्राप्त पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची धरली जाते. प्रवेशासाठी लागणारा डीईबी आयडी, म्हणजे विद्यार्थ्याचा नोंदणी क्रमांक, स्वतः काढा, एजंटाच्या हाती आधार कार्ड देऊ नका. आणि "पीजी प्रोग्राम" हे शब्द ऐकले की थेट विचारा: शेवटी हातात पदवी पडणार की सर्टिफिकेट? सर्टिफिकेट वाईट नसतं, पण त्याला पदवीचे पैसे कशाला मोजायचे?

परदेशी विद्यापीठांतही पर्याय आहेत. अमेरिकेत अटलांटाला असलेल्या जॉर्जिया टेक विद्यापीठाचा ॲनालिटिक्समधला ऑनलाइन मास्टर्स २०१७ मध्ये सुरू झाला, तो ३६ क्रेडिटचा आणि सुरुवातीला दहा हजार डॉलरच्या आतला. तिकडचा कुठलाही कोर्स घेताना घड्याळ बघा. अटलांटात संध्याकाळी सातला एखादा थेट तास असेल तर ठाण्यात पहाटेचे साडेचार वाजलेले असतात, हिवाळ्यात साडेपाच.

अभ्यासक्रम शेवटाकडून वाचा

पहिल्या सत्रात सगळीकडे पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा, डेटाबेसमधून माहिती काढायची एसक्यूएल आणि संख्याशास्त्र असतंच. खरा फरक, म्हणजे निर्णयशास्त्राचा भाग, शेवटच्या दोन सत्रांत दिसतो. तिथे संभाव्यता, ऑप्टिमायझेशन (सगळ्यात फायद्याचा पर्याय शोधणं), सिम्युलेशन (संगणकावर परिस्थिती चालवून बघणं), डिसिजन ट्री (पर्यायांच्या फांद्या काढून निर्णय मांडणं) आणि माणसाच्या निर्णयातल्या चुका हे विषय आहेत का ते पाहा. हर्बर्ट सायमनना १९७८ साली आणि डॅनियल काहनेमनना २००२ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं ते माणूस प्रत्यक्षात निर्णय कसे घेतो यावरच्या कामासाठी. हा भाग गाळून नुसती डॅशबोर्ड रंगवायला शिकवणार असतील, तर तेवढं काम ऑफिसात बसूनही शिकता येतं. जुन्या विद्यार्थ्याकडून एखादी असाइनमेंट मागून बघा. माहितीपत्रकापेक्षा ती जास्त बोलते.

दोन महिने आधी हात चालवा

अकरावी-बारावीचं संभाव्यतेचं प्रकरण पुन्हा सोडवा, वहीत, पेनाने. स्वयम् आणि एनपीटीईएल या सरकारी ऑनलाइन शिक्षणाच्या संकेतस्थळांवर संख्याशास्त्राचे, पायथनचे कोर्स फुकट ऐकता येतात. फी लागते ती प्रमाणपत्राच्या परीक्षेला. मी हे टाळलं आणि पहिलं सत्र नाकातोंडात पाणी जात काढलं.

वेळ कुठून काढायचा

एका वेळी दोन विषय घेतले तर आठवड्याचे पंधरा तास धरून चाला. ठाण्याहून घणसोलीला जाताना वीसेक मिनिटं मिळतात, बसायला जागा मिळाली तर. त्यात व्याख्यान ऐकून होतं, कोड लिहून होत नाही. कोडला सलग दोन तास लागतात, ते रविवारी सकाळीच सापडतात. घरच्यांना परीक्षेच्या तारखा आधी सांगा. कॅमेऱ्यासमोरच्या परीक्षेत मागून कुणी डोकावलं तरी हरकत घेतात, आणि वन बीएचकेत कुणी ना कुणी डोकावतंच.

प्रोजेक्ट जवळचा घ्या

इंटरनेटवरचा तयार डेटा घेऊ नका. तो धुऊन-पुसून ठेवलेला असतो, त्यामुळे त्यातली खरी गोची कळतच नाही. मी वहिनीची वही घेतली.

वहिनी नौपाड्यात संकष्टीला उकडीचे मोदक विकते. ऑर्डरचे वेगळे. ऐनवेळी येणाऱ्यांसाठी ती दर वेळी ८० करायची, गिऱ्हाईक परत जायला नको म्हणून. एका मोदकाला खर्च १८ रुपये, विक्री ३० ला, उरले ते वाटून टाकायचे. दहा संकष्ट्यांची मागणी चढत्या क्रमाने अशी: ४०, ४५, ५०, ५५, ६०, ६०, ६५, ७०, ८०, ९५.

सरासरी ६२ येते आणि हात तिथेच थांबावासा वाटतो. पण सूत्र वेगळं विचारतं. एक मोदक कमी पडला तर १२ रुपयांचा नफा बुडतो, एक उरला तर १८ रुपये जातात. १२ भागिले १२ अधिक १८, म्हणजे १२ भागिले ३०, म्हणजे ०.४. दहापैकी चार वेळा मागणी ज्या आकड्याच्या आत राहते, तो आकडा ५५. दर संकष्टीचा सरासरी नफा ५५ केले तर ५७० रुपये, ६२ केले तर ५५८, आणि ८० केले तर ३७५. म्हणजे सरासरीच्या नादाने फार बिघडत नाही, बारा रुपयेच जातात. "कुणी परत जायला नको" या धास्तीचे मात्र १९५ जातात.

आता गोची. मोदक ८० च होते, त्यामुळे शेवटचे दोन आकडे वहिनीच्या आठवणीतले. त्यातली ९५ ची तर अंगारकी. पण ९५ च्या जागी १५० लिहिलं तरी उत्तर ५५ च राहतं, सरासरी तेवढी हलते. अंगारकी वगळली तरी ५५ च. कुठला कच्चा आकडा निर्णय बदलतो आणि कुठला नाही, हे बघायची सवय मला दोन वर्षांतल्या सगळ्या व्याख्यानांपेक्षा या एका पानाने लावली. तुमच्या प्रोजेक्टमध्येही उत्तर काढून झालं की एकेक आकडा मुद्दाम बिघडवून बघा.

मग उत्तर ज्याला वापरायचंय त्याच्यासमोर ठेवा. वहिनीने कागद बघितला आणि विचारलं, "भावजी, समोरच्या काकू रिकाम्या हाताने गेल्या तर पुढच्या वेळी येतील का? ते धरलंत का यात?" धरलं नव्हतं. परत गेलेल्या गिऱ्हाइकामागे आणखी दहा रुपयांचं नुकसान धरलं, तेव्हा १२ चे २२ झाले, २२ भागिले ४० म्हणजे ०.४ चे ०.५५ झाले आणि उत्तर ६० वर आलं.

आता ती ६० करते, आणि वहीत "किती वाजता संपले" असा नवा रकाना आहे. अंगारकीला किती करायचे ते मात्र ती मला विचारत नाही.