मशीनचे स्पेअर मागवताय? एचएस कोडच्या या चुका टाळा

चीनमधून पॅकिंग मशीनचे सुटे भाग मागवले की बरेच जण अख्ख्या इन्व्हॉइसला एकच एचएस कोड (कस्टम्समध्ये मालाचा प्रकार आणि ड्युटी ज्यावरून ठरते तो आकडा) लावून टाकतात, ८४२२ ९०, म्हणजे पॅकिंग मशीनचे पार्ट, आणि मग न्हावाशेवा बंदरात कस्टम्सची क्वेरी आली की धावपळ सुरू. मशीन पॅकिंगचं आहे म्हणून त्यात बसणारी प्रत्येक वस्तू त्याच कोडात जाते असं अजिबात नाहीये, आणि सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो.

बॉल किंवा रोलर बेअरिंग खास त्या मशीनसाठी बनवलेलं असलं तरी ८४८२ मध्येच जाणार, साधा बुश असेल तर ८४८३, मोटर ८५०१, न्यूमॅटिक व्हॉल्व्ह ८४८१. कारण कस्टम्स टॅरिफच्या, म्हणजे या कोडांच्या यादीच्या, सेक्शन १६ (मशिनरीचा भाग) ची नोट २ सांगते की ज्या पार्टला चॅप्टर ८४ किंवा ८५ मध्ये स्वतःचं हेडिंग (४ आकडी कोड) आहे तो तिथेच धरायचा. रबरी कन्व्हेयर बेल्ट तर या सेक्शनमध्येच येत नाही, तो ४०१० ला, आणि स्टीलचे स्क्रू, नट, बोल्ट ७३१८ ला. हे सगळं बाजूला काढल्यावर जे फक्त त्या मशीनसाठीच बनलेलं उरतं, समजा पाऊच सील करणारा जॉ, ते ८४२२ ९० मध्ये टाका. आणि कोड बदलला की नुसती ड्युटी नाही बदलत हो, ७३१८ आलं की स्टील आयातीची सिम्स ही ऑनलाइन नोंदणी आणि बीआयएसचे, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचे, नियमही बघावे लागतात, ते माल जहाजात चढायच्या आधी बघा.

सप्लायरने दिलेला कोड तसाच उचलू नका. पहिले ६ आकडे जगभर सारखे, पुढचे प्रत्येक देशाचे आपापले, आपल्याकडे एकूण ८. शिवाय त्याने ६ तरी बरोबर टाकलेत कशावरून?

चॅप्टरचं नाव वाचून कोड ठरवणं हीसुद्धा नेहमीची चूक. टॅरिफ कसं वाचायचं याचा पहिलाच नियम सांगतो की नावं फक्त शोधायला सोपं जावं म्हणून आहेत, कायद्याने धरायचा तो हेडिंगचा मजकूर आणि सेक्शन, चॅप्टरच्या नोट्स. नोट्स न वाचता थेट 'अदर्स'वर, म्हणजे 'इतर' या उरल्यासुरल्याच्या ओळीवर, जाऊ नका.

इन्व्हॉइसवर 'स्पेअर पार्ट्स, १ लॉट' असं लिहून घेऊ नका प्लीज. प्रत्येक आयटमचं मटेरियल, काम, मॉडेल नंबर वेगळा हवा, सोबत कॅटलॉग किंवा ड्रॉइंग.

'कस्टम्स ब्रोकरने टाकला कोड' हे उत्तर चालत नाही. २०११ पासून सेल्फ असेसमेंट आहे, म्हणजे कोड आणि ड्युटी आपणच ठरवून भरायची, जबाबदारी इम्पोर्टरची. कमी भरलेल्या ड्युटीची नोटीस साधारण २ वर्षांपर्यंत येऊ शकते, माहिती मुद्दाम लपवली असं ठरलं तर ५ वर्षांपर्यंत, वर व्याज आणि पेनल्टी.

बिल ऑफ एंट्री (कस्टम्सला द्यायचा आयातीचा अर्ज) भरून झालंय आणि चूक आत्ता लक्षात आली? तर गप्प बसू नका, ब्रोकरकडून कस्टम्स कायद्याखाली दुरुस्तीचा अर्ज (माल सुटायचा असेल तर कलम १४९, सुटून गेला असेल तर कलम १८ए) लगेच करून घ्या, कागद सगळे जोडून. आणि एखादा आयटम नेहमी येणार असेल, त्यावर दोन कोडांचा वाद असेल, तर माल मागवायच्या आधीच मुंबईच्या अ‍ॅडव्हान्स रुलिंग ऑथॉरिटीकडून लेखी निर्णय घेऊन ठेवा.