हाताने वाजवायचं इलेक्ट्रॉनिक वाद्य बनवायचंय? बडोद्यातून थोडा अनुभव

आर्डुइनोचं, म्हणजे प्रोग्राम करता येणाऱ्या छोट्या सर्किट बोर्डचं, किट मागवण्याआधी एवढं ठरवा की वाजवणाऱ्याचा हात नेमकं काय करणार, दाबणार, घासणार, आपटणार की हवेत फिरणार? मी इथे इलेक्ट्रॉनिक्स शिकत होते आणि संध्याकाळी गाण्याच्या क्लासला जायचे, त्यामुळे मला मींडच, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाणं, हवी होती, बटण दाबलं की सूर बदलला असलं काही नको होतं. एवढं पक्कं झालं आणि सेन्सर कुठला, कोड कसा, पेटी केवढी हे सगळं त्यातूनच ठरत गेलं.

हवेत हात फिरवून वाजणारं थेरेमिन १९२० च्या सुमारास रशियात लेव थेरेमिनने बनवलं, हात अँटेनाजवळ गेला की कपॅसिटन्स (विद्युतभार साठवायची क्षमता) बदलते आणि सूर बदलतो. ऐकायला भारीच, पण हाताला टेकायला काही नाही म्हणून नेमक्या सुरावर थांबणं फार अवघड. मी म्हणून रिबन पोटेन्शिओमीटर घेतला, म्हणजे बोट जिथे दाबाल तिथलं व्होल्टेज देणारी चपटी पट्टी. त्यात एक गोची आहे, बोट उचललं की पट्टी आर्डुइनोच्या ज्या पिनला जोडली ती पिन लोंबकळते, कुठल्याच व्होल्टेजला बांधलेली राहत नाही, आणि रीडिंग भरकटतं. पुलडाउन रेझिस्टर, म्हणजे पिनला ग्राउंडशी जोडणारा रेझिस्टर, लावला की रीडिंग शून्यावर येतं, पण मग सूरही धपकन खाली पडतो! उपाय कोडमध्ये आहे, रीडिंग ठरावीक पातळीच्या खाली गेलं की शेवटचा सूर धरून ठेवायचा आणि फक्त आवाज हळूहळू कमी करायचा. एवढ्याशा गोष्टीने यंत्र एकदम वाद्यासारखं वागायला लागतं.

पट्टीचं रीडिंग आणि सूर यांचं नातं जोडणं, ज्याला मॅपिंग म्हणतात, त्यालाच सगळ्यात जास्त वेळ द्या. रीडिंगला सरळ एखाद्या आकड्याने गुणून फ्रिक्वेन्सी काढू नका. सा २४० हर्ट्झ असेल तर वरचा सा ४८०, त्याच्या वरचा ९६०, म्हणजे प्रत्येक सप्तकाला दुप्पट, तेव्हा फॉर्म्युला दोनच्या घातांकाचा लागतो, नाहीतर खालचे सूर एकमेकांना चिकटतात आणि वरचे लांब लांब जातात. आर्डुइनो उनोचा एडीसी (व्होल्टेजचा आकडा करणारा भाग) १० बिटचा, म्हणजे १०२४ पायऱ्या, त्यात एक सप्तक बसवलं तर एक पायरी साधारण १.२ सेंटची पडते (एका सप्तकात १२०० सेंट), तीन सप्तकं कोंबली की साडेतीन सेंट. मींडेसाठी एकच सप्तक ठेवा. आणि मिडी, म्हणजे वाद्यं आणि कॉम्प्युटर यांच्यात सूर आकड्यांनी पाठवायची पद्धत, वापरणार असाल तर नोटचे आकडे फक्त ० ते १२७ असतात, मधल्या श्रुतींसाठी पिच बेंड, म्हणजे सूर थोडा वर-खाली सरकवणारा संदेश, शिकावाच लागतो, तो १४ बिटचा आहे, भरपूर पुरतो.

दुसरं म्हणजे उशीर. बोट आणि आवाज यांच्यात १० मिलिसेकंदाच्या वर गेलं की वाजवणाऱ्याला खटकायला लागतं, तबलेवाल्यांना तर लगेच कळतं. कोडमधले डिले काढा, आणि रीडिंग बघायला टाकलेलं सिरियल प्रिंटसुद्धा, कारण सेकंदाला ९६०० बिटच्या स्पीडला एक अक्षर जवळपास एक मिलिसेकंद खातं. हे बहुतेक जण विसरतात आणि सेन्सरला दोष देतात.

बडोद्यात राहत असाल तर खरंच नशीबवान आहात. सयाजीरावांच्या काळात १८८६ मध्ये मौलाबक्षांची गायनशाळा सुरू झाली आणि १८९० मध्ये कलाभवन ही तंत्रशिक्षणाची शाळा, आज परफॉर्मिंग आर्ट्स आणि टेक्नॉलॉजी दोन्ही फॅकल्टी एकाच युनिव्हर्सिटीत आहेत. इंजिनिअरिंगवाल्यांनी सुरसागर तलावाकडे, म्हणजे परफॉर्मिंग आर्ट्सकडे, जावं, कोणीतरी सतारवाला किंवा गाणारा शोधावा आणि काही न समजावता वाद्य त्याच्या हातात द्यावं, तो पहिल्या मिनिटात जे करून बघतो त्यातून जेवढं कळतं तेवढं ऑसिलोस्कोपवर, म्हणजे सिग्नलचा आलेख दाखवणाऱ्या यंत्रावर, कळत नाही. अहमदाबादला एनआयडीत (नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइन) १९६९ मध्ये अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडरने मूग सिंथेसायझरचा, म्हणजे इलेक्ट्रॉनिक आवाज तयार करणाऱ्या वाद्याचा, स्टुडिओ उभा केला होता, म्हणजे हे काम आपल्याकडे काही आजचं नाही.

कामासाठी किंवा ॲडमिशनसाठी पोर्टफोलिओ करताना न कापलेला एक व्हिडिओ ठेवा, त्यात हात आणि आवाज एकत्र दिसले-ऐकू आले पाहिजेत, सोबत सर्किटचा फोटो आणि मॅपिंगचा कोड. आणि यूएसबी केबल पेटीला आतून क्लॅम्पने घट्ट बांधा, वाजवताना ताण सोल्डरवर येता कामा नये.