आजी ॲडमिट असताना सोबतीला बसणाऱ्याने काय काय करायचं

आजी ॲडमिट झाली की घरात पाळ्या लागतात. डॉक्टर जे सांगतात ते ज्याची पाळी असेल त्याच्या कानावर पडतं आणि संध्याकाळी दुसऱ्याला सांगेपर्यंत त्यातलं अर्धं गळतं. म्हणून पाळ्या कुणीही करा, पण डॉक्टरांशी बोलणारा माणूस एकच ठरवा आणि उशाशी एक वही ठेवा.

पहिल्या दिवशी

वहीत चालू गोळ्या लिहा: नाव, मिलिग्रॅम, वेळ. काढा, चूर्ण, गुडघ्यासाठी परस्पर आणलेली गोळी हेही लिहा. त्याखाली, आजी घरी कशी असते ते लिहा. आधाराशिवाय चालते का, ऐकू कितपत येतं, नावं विसरते का. ड्युटीवरचे डॉक्टर बदलत राहतात, आणि आजीचं नेहमीचं वागणं त्यांच्यापैकी कुणीच पाहिलेलं नसतं.

राउंडच्या वेळी

मोठे डॉक्टर खाटेपाशी जेमतेम दोन-तीन मिनिटं थांबतात, तेव्हा प्रश्न आधीच लिहून ठेवा. रिपोर्टमध्ये काय निघालं? औषधांत काय बदललं, कशासाठी? लघवीची नळी कधी काढणार? हा शेवटचा प्रश्न रोज विचारा. नळी जितके दिवस राहते तितका इन्फेक्शनचा धोका वाढतो, शिवाय नळी लावलेलं माणूस पलंगावरून उठायला नको म्हणतं. आजी शुद्धीत असेल तर डॉक्टरांना तिच्याशीच बोलायला सांगा. संमतीपत्रावर सहीही तिचीच. आपण घाईघाईने तिच्या वतीने उत्तरं देतो, ते टाळा.

रात्री

संध्याकाळपर्यंत नीट बोलणारी आजी मध्यरात्री सलाइन उपसायला लागते, भिंतीवर मुंग्या दिसतात म्हणते, नातवाला भावाच्या नावाने हाक मारते. कुणीतरी म्हणतं, "वय झालं, चालायचंच." मुळीच ऐकू नका. अचानक आलेल्या अशा भ्रमाला डॉक्टर डिलिरियम म्हणतात. त्यामागे इन्फेक्शन, उतरलेलं सोडियम, तुंबलेली लघवी, बद्धकोष्ठता, नाहीतर नवी झोपेची गोळी असू शकते. सिस्टरला सांगा, "काल संध्याकाळपर्यंत ती अशी नव्हती, ड्युटी डॉक्टरांना बोलवा." एरवी बोलकी असलेली आजी दिवसभर गुंगीत गप्प पडून राहिली तरी हेच करा, ती त्रास देत नाही म्हणून तिच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. चष्मा, कवळी आणि कानाचं मशीन पिशवीत नको, तिच्या अंगावर हवं.

पैशांचं

वय ७० किंवा त्याहून जास्त असेल तर उत्पन्नाची अट न लावता आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं. या कार्डावर योजनेत असलेल्या रुग्णालयात वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मोफत होतात. महाराष्ट्रातल्या धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत असतात. त्यासाठी समाजसेवा विभागात पहिल्याच दिवशी जा.

डिस्चार्जच्या दिवशी

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो, कारण सगळ्यांचं लक्ष बिलाकडे आणि गाडीकडे असतं. घरच्या जुन्या स्ट्रिप्स मागवून घ्या आणि नव्या औषधांशेजारी मांडा. वरचं ब्रँडचं नाव सोडा, खालचं बारीक अक्षर वाचा. जुन्या स्ट्रिपवर टेल्मिसार्टन ४० (बीपीचं औषध), नव्या वेगळ्या नावाच्या स्ट्रिपवरही टेल्मिसार्टन ४०! दोन्ही चालू राहिल्या तर बीपी उतरतं, आजी पहाटे उठताना चक्कर येऊन पडते, आणि खुब्याच्या हाडापायी पुन्हा तोच वॉर्ड. डॉक्टरांकडून प्रत्येक जुन्या गोळीपुढे लिहून घ्या: चालू, बंद किंवा बदलली. रक्त पातळ करणारी गोळी किती दिवस, तेही.

इन्सुलिन सुरू केलं असेल तर सिस्टरसमोर स्वतः एकदा देऊन दाखवा. कॅशलेस असेल तर विमा कंपनीने अंतिम मंजुरी ३ तासांत द्यायची असते. उशीर झाला तर रुग्णालयातल्या टीपीए डेस्कवर, म्हणजे विम्याचं काम पाहणाऱ्या खिडकीवर, हा नियम सांगा. केसपेपरच्या प्रतींसाठी लेखी अर्ज देऊन पोच घ्या, त्या ७२ तासांत द्याव्या लागतात.

घरी आल्यावर

बंद झालेल्या गोळ्या त्याच दिवशी डब्यातून काढा. वही आणि डिस्चार्ज कार्ड घेऊन आठवडाभरात फॅमिली डॉक्टरांना भेटा. कशासाठी लगेच परत आणायचं आणि रात्री फोन कोणत्या नंबरवर करायचा, हे कागदावर लिहून फ्रिजवर लावा. ज्येष्ठांसाठीची हेल्पलाइन १४५६७ त्याच कागदावर लिहा.