भक्ष्य गिळून पडलेला अजगर आढळल्यास काय करावे

सातारा आणि सांगली जिल्ह्यांत कृष्णा, कोयना आणि वारणेच्या काठच्या उसात, तसेच पाटण आणि शिराळा तालुक्यांच्या डोंगरउतारांवर अजगर आढळतो. ऊसतोड सुरू झाली की फडातली आडोशाची जागा उघडी पडते आणि एरवी कुणाच्या नजरेस न पडणारा हा प्राणी बांधावर, ओढ्याच्या कडेला किंवा थेट खुराड्यात दिसतो. त्यातही तो कोंबडी किंवा करडू गिळून सुस्त पडलेला असेल, तर आजूबाजूच्या माणसांच्या पहिल्या अर्ध्या तासातल्या वागण्यावर त्याचे जगणे अवलंबून असते.

सर्वांत आधी तो अजगरच आहे याची, लांबूनच, खात्री करावी. आपल्याकडे घोणशीला अजगराचे पिल्लू समजून हात घातल्याने माणसे दगावली आहेत, म्हणून या पायरीवर घाई करू नये. घोणशीच्या पाठीवर साखळीच्या कड्यांसारख्या गोल-लांबट ठिपक्यांच्या ओळी असतात, अंग खरखरीत दिसते आणि डिवचल्यावर ती कुकरच्या शिट्टीसारखा मोठा फुत्कार टाकते. अजगराच्या अंगावरचे तपकिरी पट्टे वेडेवाकडे, एकमेकांपेक्षा वेगळ्या आकाराचे असतात, त्वचा गुळगुळीत व चकचकीत असते आणि डोक्यावर बाणाच्या टोकासारखी खूण असते. जराही शंका असल्यास ती घोणसच आहे असे धरून वागावे.

अजगर आहे हे नक्की झाल्यावर त्याचे पोट पाहावे. मधल्या भागात फुगवटा असेल तर त्याने नुकतेच खाल्ले आहे. अजगर भक्ष्याचा पाठलाग करत नाही. तो वाटेकडेला निश्चल पडून राहतो आणि ओठांवरच्या उष्णता जाणणाऱ्या खळग्यांमुळे त्याला अंधारातही उबदार रक्ताचा प्राणी कळतो. मागे वळलेल्या दातांनी पकड घेऊन तो विळखा घालतो. त्या दाबाने भक्ष्याचा केवळ श्वास कोंडत नाही, तर रक्ताभिसरणच थांबते, आणि म्हणून मृत्यू लवकर येतो. गिळताना खालच्या जबड्याच्या दोन्ही बाजू आळीपाळीने पुढे सरकतात आणि तोंड भरलेले असतानाही श्वास चालू राहावा यासाठी श्वासनळीचे तोंड जिभेच्या बाजूने बाहेर आलेले दिसते. हे दृश्य पाहून साप गुदमरतो आहे असे वाटून काही जण भक्ष्य ओढून काढायला जातात. तसे मुळीच करू नये. शेळी किंवा कोंबडी तोपर्यंत मेलेलीच असते, आणि ओढाताणीत अजगराचे दात तुटतात, जबडा फाटतो.

गिळून झाल्यानंतरचे दिवस अजगरासाठी सर्वांत नाजूक असतात. पचनासाठी त्याचे सगळे शरीर कामाला लागते. आपल्या अजगराचा जवळचा भाऊबंद असलेल्या ब्रह्मी अजगरात तर खाल्ल्यानंतर दोन दिवसांत हृदयाचा आकारही तात्पुरता वाढल्याचे संशोधकांनी नोंदवले आहे. हे पचन बाहेरच्या उबेवर चालते. थंडीत ते मंदावते आणि फारच गारठा पडला तर भक्ष्य आतच सडू लागते, म्हणून हिवाळ्यात पोट भरलेला अजगर सकाळच्या उन्हात उघड्यावर येऊन पडतो. अशा वेळी त्याला काठीने डिवचले, शेपटीला धरून ओढले किंवा पोत्यात कोंबले, की पळ काढता यावा म्हणून तो गिळलेले सारे बाहेर टाकतो. चिकट लाळेने माखलेली, पिसे अंगाला चिकटलेली ती कोंबडी पाहून लोकांना साप वाचल्याचे समाधान वाटते. खरे तर त्या उलटीत अजगराची मोठी शक्ती वाया जाते, अन्ननलिकेला इजा होऊ शकते आणि पुढचे भक्ष्य कधी मिळेल याचा भरवसा नसतो.

म्हणून यानंतरची पायरी म्हणजे त्याला आहे तिथेच राहू देणे. निदान वीस-पंचवीस फुटांचे अंतर ठेवावे, कुत्री बांधून घालावीत, मुलांना दूर न्यावे, गर्दी पांगवण्यासाठी पोलीस पाटलांची मदत घ्यावी आणि तोडीचे काम त्या कोपऱ्यात थांबवून दुसऱ्या बाजूने सुरू करावे. त्या फडातले पाचट तेवढे पेटवू नये. त्याच वेळी वनविभागाच्या १९२६ या मदत क्रमांकावर किंवा ओळखीच्या वनरक्षकाला फोन करून जागा, अजगराची अंदाजे लांबी आणि त्याने खाल्ले असल्याची शक्यता स्पष्ट सांगावी, कारण हलवायचे की थांबायचे हे त्यावरच ठरते. मोकळ्या रानात असेल तर बहुधा थांबणेच योग्य असते.

खुराड्यातली गोष्ट निराळी. अरुंद फटीतून आत शिरलेल्या अजगराला कोंबडी गिळल्यावर त्याच फटीतून बाहेर पडता येत नाही आणि तो जाळीत अडकतो. अशा वेळी साप ओढू नये, खुराडे मोकळे करावे: उरलेल्या कोंबड्या दुसऱ्या बाजूने काढाव्यात, दार उघडे ठेवावे आणि जाळी अंगात रुतली असल्यास ती कापण्याचे काम वनकर्मचाऱ्यांवर किंवा त्यांच्या संमतीने आलेल्या जाणत्या सर्पमित्रावर सोपवावे. उचलावेच लागले तर फुगवट्याखाली हातांचा आधार हवा. सोडायचे ते जवळच्याच आडोशाला, कारण अनोळखी रानात नेऊन टाकलेल्या अजगराला लपण आणि भक्ष्य दोन्ही नव्याने शोधावे लागते.

उन्हाळ्यात वेटोळे घालून अंड्यांवर बसलेली मादी दिसली तर तिला खायला देण्याचा विचारही करू नये. ती उबवण्याच्या काळात खात नाही आणि स्नायू थरथरवून अंड्यांना ऊब देते. तिला उठवले तर अंडी गार पडतात.

अजगर घरी ठेवून पोसण्याचा मोह तरुणांना होतो. परदेशात पाळलेल्या जाळीदार अजगरांची चित्रे सर्वांच्या मोबाइलवर असतात. तो आग्नेय आशियातला, जगातला सर्वांत लांब साप. भारतात तो निकोबार बेटांवर आढळतो. परदेशातले जबाबदार पाळणारेदेखील मेलेले उंदीर किंवा ससे लांब चिमट्याने देतात आणि खाल्ल्यावर किमान दोन दिवस सापाला हात लावत नाहीत. आपल्या रानातला अजगर मात्र वन्यजीव (संरक्षण) कायदा, १९७२ च्या अनुसूची १ मध्ये आहे; त्याला पकडणे किंवा बाळगणे हा गुन्हा असून ३ ते ७ वर्षे कैद आणि किमान २५,००० रुपये दंड होऊ शकतो. गळ्यात घालून फोटो काढणेही टाळावे.

चुकून चावा बसलाच तर अजगराला विष नसते, पण जखम खोल असते. साबण-पाण्याने धुवून डॉक्टरांकडून धनुर्वाताचे इंजेक्शन घ्यावे. ओळखीबद्दल शंका असेल तर वेळ न दवडता प्रतिविष उपलब्ध असलेले सरकारी रुग्णालय गाठावे.

अजगर निघून गेल्यावर खुराड्याला अर्धा इंची जाळी लावावी, दार जमिनीला घट्ट टेकते का हे पाहावे, रात्री करडे गोठ्यात आत घ्यावीत आणि सांडलेले धान्य रोज झाडून काढावे, कारण धान्यामागे उंदीर येतात आणि उंदरांमागे साप. मात्र फट बुजवण्यापूर्वी अजगर अजून आत नाही ना, हे दिवसाउजेडी एकदा नीट पाहावे.