गावातल्या चर्चने गावाशी नाते कसे जोडावे

अमेरिकन मराठी मिशन या ख्रिस्ती मिशनरी संस्थेने १८३१ मध्ये अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, काम सुरू केले. पुढे या जिल्ह्यात गावोगाव चर्च उभी राहिली. मंडळीतली, म्हणजे चर्चच्या सभासदांची, घरे तिथलीच, भाषा तीच, पिकेही तीच. तरीही कित्येक ठिकाणी चर्चचे फाटक रविवारी दोन तास उघडते आणि एरवी त्याला कुलूप असते. आत काय चालते हे गावाला दिसत नाही, आणि जे दिसत नाही त्याबद्दल अफवा लवकर पसरते. पुढच्या पायऱ्या अशा गावांतल्या पाळकांसाठी (चर्चच्या धर्मगुरूंसाठी) आणि मंडळीसाठी आहेत. पैसा फारसा लागत नाही, सातत्य मात्र लागते.

पहिली पायरी : आधी विचारपूस

दोन आठवडे फक्त भेटी घ्या. सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक), पोलीस पाटील यांच्याकडे तर जाच, पण आशाताई, अंगणवाडीच्या ताई, शाळेचे मुख्याध्यापक, भजनी मंडळाचे बुवा आणि बचत गटाच्या बायका यांनाही भेटा. खरी माहिती त्यांच्याकडे असते. दोघे-तिघे मिळून जा आणि त्यात एक तरी बाई असू द्या. “आम्ही काय मदत करू?” असे विचारू नका. त्यावर लोक एक तर संकोचाने “काही नको” म्हणतात, नाहीतर बोअर, रस्ता, सभामंडप अशी लाखांची यादी देतात. “उन्हाळ्यात लोकांचे हाल कुठे होतात?” किंवा “मुलांना अभ्यासाला जागा आहे का?” असे नेमके विचारा.

घरी येऊन स्वतःकडे काय आहे ते वहीत लिहा : विहीर, झाडाची सावली, सतरंज्या, बाकडी, मोठी पातेली, पेटी, तबला. गावाची एक अडचण आणि आपली एक वस्तू जिथे जुळते तिथूनच सुरुवात करा. एकदम चार कामे काढली की पावसाळ्यापर्यंत चारही बंद पडतात.

पाळकांची बदली होते, हेही ध्यानात ठेवा. सगळ्या ओळखी त्यांच्या एकट्याच्या असतील तर सामानाबरोबर त्याही जातात. म्हणून ग्रामसभेला गावातल्याच कुटुंबांनी जावे. वर्षात किमान चार ग्रामसभा होतात. तिथे केवळ चर्चचे गाऱ्हाणे मांडू नका, गटार आणि पाणीपट्टीवरही बोला.

दुसरी पायरी : पाणपोई

सुरुवात करायला याहून चांगले काम नाही. होळीच्या सुमारास सुरू करा आणि मृगाचा पाऊस पडेपर्यंत चालवा.

जागा फाटकाच्या बाहेर, रस्त्याकडेला, सावलीत हवी. आवारात ठेवलेल्या पाण्याकडे नवखा माणूस वळत नाही. एक माणूस अर्धा लिटर पितो असे धरले तर दीडशे जणांना ७५ लिटर लागते. तेव्हा ४० लिटरचे दोन रांजण पुरतात. आठवडे बाजाराच्या दिवशी तिसरा लावा. रांजण ओल्या वाळूवर बसवा, भोवती ओले गोणपाट गुंडाळा, वर घट्ट लाकडी झाकण ठेवा आणि खाली तोटी बसवून घ्या. तोटी नसेल तर लांब दांड्याचे ओगराळे हवेच, नाहीतर प्रत्येकाची बोटे पाण्यात बुडतात. रोज संध्याकाळी रांजण रिकामा करून आतून काथ्याने घासा. साबण लावू नका. माती साबण शोषते आणि मग आठवडाभर पाण्याला वास येतो.

शुद्धीकरणाचे माप हजार लिटरला ५ ग्रॅम टीसीएल (ब्लीचिंग) पावडर असे आहे. ८० लिटरला हे अर्ध्या ग्रॅमहूनही कमी होते, ते घरी मोजता येत नाही. म्हणून पावडर रांजणात टाकू नका. टाकीच्या पाण्याच्या मापाने ती बादलीत कालवा, गाळ खाली बसू द्या, वरचे निवळ पाणी टाकीत सोडा आणि अर्ध्या तासाने टाकीतून रांजण भरा. टाकी नसेल तर आशाताईंकडून क्लोरीनचे द्रावण घ्या आणि बाटलीवर लिहिलेल्या मापानेच वापरा. उघड्या पिशवीत पडलेल्या जुन्या पावडरीचा जोर गेलेला असतो, ती वापरू नका.

सात घरांना एकेक वार वाटून द्या. पाणपोई बहुतेक वेळा एप्रिलच्या शेवटी बंद पडते, कारण काम एकाच उत्साही माणसावर टाकलेले असते. दुपारी दोन वाजता कोरडा निघालेला रांजण पाहून माणूस जे बोलतो ते गावभर जाते.

पाणी हा आपल्याकडे नाजूक विषय आहे. मंडळीतल्या अनेक कुटुंबांच्या पणजोबांना गावच्या पाणवठ्यावर मज्जाव होता. महाडला चवदार तळ्यावर १९२७ मध्ये सत्याग्रह झाला तो याच हक्कासाठी. त्याच पणजोबांच्या पतवंडांनी भरलेला रांजण सगळे गाव पिते, यासारखी मोठी गोष्ट नाही. सुरुवातीला काही जण थांबणार नाहीत. त्यांच्याकडे रोखून पाहू नका, त्यांची चर्चाही करू नका. तोटी असली की कुणी कुणाला वाढण्याचा प्रश्न राहत नाही आणि संकोच लवकर मोडतो. रांजणावर बायबलचे वचन लिहू नका, “पिण्याचे पाणी” एवढेच लिहा.

तिसरी पायरी : अभ्यासिका

दहावी-बारावीच्या मुलांसाठी हॉल संध्याकाळी सात ते नऊ उघडा ठेवा. चांगला उजेड, वीज गेल्यावर चालणारा दिवा आणि पिण्याचे पाणी एवढे पुरे. दोन मोठी माणसे कायम हजर हवीत, त्यांत एक बाई. मुली कुणाबरोबर घरी जाणार हे आधीच पालकांशी ठरवा. या दोन तासांत उपदेश नाही, प्रार्थना नाही, पत्रके नाहीत. हा नियम दारावर लिहून लावा आणि पाहुणे प्रचारक आले तरी मोडू नका. मदतीला अट चिकटली असा एकदा संशय आला की दहा वर्षांचे काम वाहून जाते, आणि गावाचा तो राग रास्त असतो.

चौथी पायरी : दुःखात आधी, सणात मागाहून

गावात कुणी वारले तर मंडळीतल्यांनी जावे. लाकडे आणायला, सावडायला, दहाव्याला हात लावावा. पाळकांनी सांत्वनाला जाऊन नुसते बसावे. घरच्यांनी म्हटले तरच प्रार्थना करावी.

त्र्यंबकेश्वरहून निघणारी संत निवृत्तिनाथांची पालखी याच जिल्ह्यातून पंढरपूरला जाते. दिंडी आपल्या रस्त्याने जात असेल तर दिंडीचालकांना आधी भेटून काय हवे ते विचारा. बहुधा शौचालय, अंघोळीचे पाणी, मोबाइल चार्ज करायची सोय आणि दुपारी आडवे व्हायला सावली हवी असते. भेगा पडलेल्या पायांना तेल दिले तर वारकरी आशीर्वाद देतात.

पाचवी पायरी : नाताळचे पान

दिवाळीला शेजारी फराळ देतात, नाताळात मंडळीच्या घरांतून करंज्या, चकल्या जातात. ही रीत घराघरांत आहेच, ती चर्चच्या अंगणात आणा. नाताळच्या दिवशी भक्ती असते, म्हणून जेवण २६ ते ३० डिसेंबरमध्ये ठेवा. आमंत्रण छापील पत्रिकेने नको, घरी जाऊन द्या.

जेवण पूर्ण शाकाहारी ठेवा. शंभर पानांना १० किलो तांदूळ आणि ४ किलो तूरडाळ घ्या. भाजी व बुंदीचा अंदाज गावच्या आचाऱ्याला विचारा. माळकरी जेवणार असतील तर कांदा-लसूण नसलेली आमटी वेगळ्या पातेल्यात करा आणि ते पातेले आधी दाखवा. स्वयंपाकाला गावातल्या बायकांनाही बोलवा. एकत्र भाजी चिरताना जे बोलणे होते ते स्टेजवरून होत नाही.

भजनी मंडळालाही बोलवा. नगर भागात ख्रिस्ती कीर्तनाची परंपरा एकोणिसाव्या शतकापासून आहे, त्यामुळे टाळ आणि पेटी दोघांच्याही ओळखीची. आधी त्यांचे अभंग होऊ द्या, मग आपले. भोंग्याला पोलिसांची परवानगी घ्या आणि रात्री दहाच्या आत बंद करा. परीक्षेचा अभ्यास करणारे पोर शेजारीच असते.

खर्चाचा हिशेब दुसऱ्या दिवशी फाटकावरच्या फळ्यावर खडूने लिहा : तांदूळ कुणी दिला, वर्गणी किती जमली, उरले किती. उरलेल्या पैशातून पुढच्या होळीला रांजण घ्या.