ख्रिसमस कुकीज बिघडतात कुठे? या चुका टाळा

नाताळ जवळ आला की ओळखीतल्यांचे फोटो यायला लागतात. ट्रेभर पसरलेली एकच तपकिरी पोळी आणि खाली प्रश्न: "ताई, ओव्हन खराब झालाय का?" ओव्हन बहुधा ठणठणीत असतो. चूक बटरची असते, आणि त्याहून जास्त घाईची.

माझ्या अक्रोड-चॉकलेट कुकीजना 150 ग्रॅम मैदा, 100 ग्रॅम बटर, 50 ग्रॅम पिठीसाखर, मूठभर अक्रोड आणि वरून बुडवायला चॉकलेट लागतं. अंडं नाही, सोडा नाही. जिन्नस इतके मोजके की एकाचंही काही चुकलं तर लपत नाही.

बटर वितळवू नका

परदेशी रेसिपीत लिहिलेलं असतं, बटर रूम टेंपरेचरला आणा. ते 20 अंशांच्या आसपासच्या स्वयंपाकघरासाठी असतं. मुंबई-ठाण्यात डिसेंबरच्या दुपारीही पारा 30 अंशांवर जातो, आणि बटर 32 ते 35 अंशांत वितळतं. तासभर ओट्यावर ठेवलंत की संपलंच. मी बारीक तुकडे करून पंधरा-वीस मिनिटं बाहेर ठेवते. बोट दाबल्यावर खळगा पडायला हवा, बोट तेलकट व्हायला नको.

माझ्या भाचीने सोसायटीच्या नाताळ पार्टीसाठी कुकीज करायचं कबूल केलं आणि बटर सरळ मायक्रोवेव्हमध्ये पातळ केलं. "मावशी, व्हिडिओत दहा मिनिटांत होतात गं!" साखर नीट फेटली गेली नाही, पीठ तुपकट झालं, ओव्हन तापायच्या आत ट्रे आत गेला. कुकी कडेने घट्ट होण्याआधीच सगळं वितळून एकमेकांत मिसळलं. मी पोचले तेव्हा ती रडवेली झाली होती. नशिबाने अर्धं पीठ शिल्लक होतं. ते तासभर फ्रिजमध्ये ठेवलं, ओव्हन नीट तापवला आणि मग भाजलं. पीठ तेच, ओव्हन तोच, पण कुकीज गोल आल्या. खुसखुशीतपणा मात्र कमीच होता, कारण तो बटर-साखर फेटण्यातून येतो, आणि ती वेळ निघून गेली होती.

म्हणून मी पिठाचा रोल करून बटर पेपरमध्ये गुंडाळते आणि शक्यतो रात्रभर फ्रिजमध्ये ठेवते. सकाळी धारदार सुरीने साधारण एक सेंटिमीटर जाडीच्या चकत्या कापायच्या. अक्रोड बारीक चिरलेले नसतील तर इथे चकत्या फुटतात. रात्रभर थांबायची तयारी नसेल तर तासभर तरी थांबा. त्याहून कमी वेळात होणाऱ्या कुकीजची रेसिपी मला विचारू नका, मी देणार नाही.

चॉकलेटला पाणी लागू देऊ नका

ओला चमचा, वाफेचा एक थेंब, एवढ्यानेही वितळलेलं चॉकलेट दाणेदार होऊन आखडतं. चॉकलेट वितळवायला उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर ठेवलेली वाटी कोरडी ठणठणीत हवी आणि तिचा तळ खालच्या पाण्याला टेकता कामा नये. आखडलंच तर चमचा-चमचा गरम दूध घालून त्याचा सॉस करा. कुकीज बुडवायला ते आता चालणार नाही.

आणि पाकीट उलटून घटक वाचा. कोको बटरऐवजी वनस्पती तेल किंवा फॅट असेल तर ते कंपाउंड. ते सहज घट्ट होतं म्हणून बुडवायला लोक वापरतात, पण चव मेणचट लागते. मी खरं डार्क चॉकलेटच घेते आणि बुडवलेल्या कुकीज फ्रिजमध्ये ठेवते.

बाकीच्या चुका

अक्रोड कच्चे घालू नका. 160 अंशांवर आठेक मिनिटं भाजा, पूर्ण गार करा, मग चिरा. आणल्यावर एक खाऊन बघा, खवट असतील तर भाजूनही खवटच राहतात.

मैदा वाटीने मोजू नका. दाबून भरलेल्या आणि अलगद भरलेल्या वाटीत बराच फरक पडतो. वजनकाटा घ्या.

बटरऐवजी तूप घातलं तर छान नानकटाई होईल. या कुकीज होणार नाहीत.

अमूलचं नेहमीचं बटर खारट असतं, वेगळं मीठ नको.

170 अंशांवर साधारण पंधरा मिनिटांनी कडा सोनेरी झाल्या की ट्रे बाहेर काढा. मधोमध मऊ लागतील, तरी काढा. गार होताना त्या कडक होतात, आणि ओव्हनमध्येच कडक होईपर्यंत ठेवलेल्या कुकीज नंतर दाताला लागतात.

कोमट असताना चॉकलेटमध्ये बुडवू नका, आणि डबाही बंद करू नका. आत वाफ धरते आणि सगळ्या मऊ पडतात. मऊ पडल्याच, आणि चॉकलेट अजून लावलेलं नसेल, तर 150 अंशांवर पाच मिनिटं पुन्हा ठेवा आणि या वेळी जाळीवर पूर्ण गार होऊ द्या.